आपला अल्बम फुकट डाउनलोडला लागलेला दिसला तर काय वाटतं?

बासवाला:
आमच्या बँडचा पहिला अल्बम येऊन तीनच आठवडे झालेत आणि काल एका साइटवर तो अख्खाच्या अख्खा झिप फाइलमध्ये दिसला. आधी डोकंच फिरलं, मिक्सिंगचे पैसे अजून फिटायचेत. पण ड्रमर म्हणाला अरे निदान कोणीतरी ऐकतंय! आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मी स्वतः निम्मं संगीत मित्रांच्या पेनड्राइव्हवरून घेऊनच ऐकलंय, त्यामुळे कुणाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही. इथे जे वाजवतात गातात त्यांना काय वाटतं?

मंद्रसप्तक:
संगीतकारांचं यावर कधीच एकमत नव्हतं. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी फुकट घ्यायची सोय, २००० मध्ये मेटॅलिका बँडने नॅपस्टरवर केस केली, त्यांची गाणी वाटणाऱ्या तीन लाखांवर युजरनेमांची यादीच नॅपस्टरला नेऊन दिली, आणि त्याच वर्षी पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचा चक डी उघडपणे नॅपस्टरच्या बाजूने बोलत होता. लोकांनी मेटॅलिकाला पैशाचे लोभी ठरवलं, पण सुरुवात कशी झाली ते विसरतात. त्यांचं एक गाणं डेमो असतानाच फुटलं आणि रेडिओवर वाजायला लागलं होतं. मला हे फार लागतं. पैसे बुडाले तर परत कमावता येतात, पण आपलं कच्चं काम लोकांनी ऐकलं की ऐकलं.

साउंडचेक:
रेडिओहेड या बँडचं उदाहरण नेहमी देतात. २००० चा अल्बम आधीच नॅपस्टरवर फुटला तरी अमेरिकेत एक नंबरला गेला, २००७ मध्ये तर त्यांनीच 'हवे तेवढे पैसे द्या' म्हणून डाउनलोडला ठेवला. पण बाबा, त्यांना तेव्हा जग ओळखत होतं! आणि ते त्यांनी स्वतः ठरवलं, तुमच्या बाबतीत दुसऱ्याच कोणीतरी परस्पर ठरवलंय. मी रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे मला वेगळंच दिसतं. बँडला निदान शोचे पैसे मिळतात. स्टुडिओत येऊन दोन तास व्हायोलिन वाजवून जाणाऱ्या माणसाला शो नसतो, अल्बमचे पैसे परत आले नाहीत की पुढच्या वेळी त्याला बोलावतच नाहीत, कीबोर्डवर व्हायोलिनचं सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाज, लावून काम भागवतात.

कोमलनिषाद:
साउंडचेकला +१. पण स्ट्रीमिंगवर टाकलं म्हणजे सुटलो असंही नाही, स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात एक हजार स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्या गाण्याचे काहीच पैसे मिळत नाहीत. नव्या माणसाला दोन्हीकडून मार. त्या साइटला आणि सर्च इंजिनला कॉपीराइटची नोटीस पाठवा, फॉर्म असतो, आणि बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार स्वतःचं संगीत थेट विकतात त्या साइटवर, अल्बम ठेवा, तिथे ऐकणाऱ्याला वाटलं तर जास्तही देता येतात. मी तसंच केलंय, फार नाही पण लोक खरंच देतात हो.

बासवाला:
थँक्स सगळ्यांना. नोटीस आजच पाठवतो. बँडकॅम्पवर किमान किंमत ठेवायची की नाही यावरून गिटारवाल्याशी भांडण चालूच आहे. आणि साउंडचेक, आमच्या अल्बमवर पण एका ताईंनी व्हायोलिन वाजवलंय, त्यांना हे अजून कुणीच कळवलेलं नाही, आत्ताच फोन करतो.