आधी ग्राउंड तपासा, टेबल नंतर
वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) गेजवर १४.७ आणि ईसीयूच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) लॉगमध्ये १५.१ दिसतंय, म्हणून या प्रश्नावर कुणीतरी सॉफ्टवेअरमधलं टेबल (व्होल्टेजवरून रीडिंग ठरवणारं) सरकवायला सांगितलंय. तसं करू नका. तुमच्या कंट्रोलरचं (सेन्सरचं रीडिंग व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला पाठवणारा डबा) स्केल ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २० असं आहे, म्हणजे ०.४ चा फरक फक्त ०.२ व्होल्टचा. एवढं व्होल्टेज खराब ग्राउंड (करंट परत जाण्याचा जोड) आरामात खातो. सेन्सरचा हीटर त्याच ग्राउंडमधून बऱ्यापैकी करंट ओढतो, तोही कमीजास्त होत राहतो; त्यामुळे चूक स्थिर नसतेच. आज टेबल जुळवाल, उद्या थंड इंजिनवर पुन्हा फसाल.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक कंट्रोलरच्या ग्राउंडला आणि दुसरं ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला (सगळ्या सेन्सरांची सामाईक ग्राउंड वायर) लावा. दोन-चार मिलिव्होल्ट ठीक. माझ्याकडे १८० दिसत होते! डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून ग्राउंड घेतला होता, अस्मादिकांनीच.

कंट्रोलरला सिग्नल ग्राउंडची वेगळी वायर असेल तर तीच सेन्सर ग्राउंडला जोडा. हीटरचा ग्राउंड मात्र तिथे अजिबात नको, नाहीतर थ्रॉटल आणि कूलंटची रीडिंगही हलायला लागतील. तो थेट इंजिन ब्लॉकवर न्या. एकच ग्राउंड वायर असेल तर ईसीयूचा पॉवर ग्राउंड (त्याची मुख्य ग्राउंड वायर) जिथे बोल्ट केलाय तिथेच लावा.

आणि वायर लांब करायची म्हणून सेन्सरचा कनेक्टर कापू नका, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो.