१०जी (सेकंदाला १० गिगाबिट) नेटवर्क कार्ड टाकूनसुद्धा ३ च्या वर स्पीड जाईना (प्रॉक्समॉक्स)

शिरोलीकर_सिस्टीम
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं आयटी मी एकटाच बघतो. प्रॉक्समॉक्स ८ (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारी सिस्टीम) चे दोन असेंबल्ड सर्व्हर, दोन्हीत इंटेल एक्स५२० नेटवर्क कार्ड, मधे १०जी स्विच, डॅक (तांब्याची थेट) केबल. पॅटर्नच्या कॅड फाईली आणि रात्रीचा बॅकअप एकावरनं दुसऱ्यावर जातो. चार दिवस झाले डोकं लावतोय, डेबियनच्या व्हीएममधनं आयपर्फ (स्पीड मोजायचं टूल) मारलं की ३.३ गिगाबिट, विंडोजच्या व्हीएममधनं तर २.१, त्याच्या वर काही केल्या जात नाही. व्हर्टआयओचं (व्हीएमचं वेगवान व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड) मल्टिक्यू (डेटाच्या रांगा) ४ केलं, ऑफलोड (कार्डावर सोपवलेली कामं) चालू-बंद करून बघितले, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल साईज) ९००० केला तर मोठी फाईल मधेच लटकायला लागली म्हणून परत १५०० वर आणला. आता एसआर-आयओव्ही (एका कार्डाचे अनेक व्हर्च्युअल भाग करणं) चालू करून व्हीएमला त्यातला एक भाग, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन, थेट द्यावं का? बॅकअप सकाळच्या पाळीपर्यंत संपत नाही आणि डिझाईनची पोरं आठला फाईल उघडतात तेव्हा सगळं रांगत असतं, बोलणी मला बसतात.

उद्यमनगरची_नेटवर्कवाली
दादा, एसआर-आयओव्हीला अजून हात लावू नका. एक तर व्हीएम चालू ठेवून दुसऱ्या होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) हलवता येणार नाही, आणि मूळ दुखणं वेगळंच असलं तर ते तिथंच राहणार. आधी व्हीएम सगळे बाजूला ठेवा आणि होस्टवरनं होस्टला किती मिळतंय ते बघा. तिथंही ३.३ च आलं तर व्हीएमचा काही दोष नाही. मला तो आकडाच खटकतोय. एक्स५२० हे पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) २.० चं कार्ड, त्याची एक लेन (डेटाची वाट) ५ जीटी (सेकंदाला ५ अब्ज ट्रान्सफर), त्यात ८ बिटांसाठी १० बिट जातात म्हणजे उरले ४ गिगाबिट, वरचा पसारा वजा केला की साधारण तुमचाच आकडा येतो. दोन्ही सर्व्हरवर एलएसपीसीआय -व्हीव्ही ही कमांड मारून कार्डाच्या लिंकची रुंदी बघा, एक्स८ (आठ लेन) पाहिजे. डीएमईएसजीमधेपण (सिस्टीमचा लॉग) बूट होताना किती बँडविड्थ मिळाली ते ड्रायव्हर लिहून ठेवतो, ती ओळ कुणी वाचत नाही.

शिरोलीकर_सिस्टीम
ताई, बरोबर पकडलंत. होस्टवरनंपण ३.३ च. पहिल्या सर्व्हरवर एक्स८ आहे, दुसऱ्यावर एक्स१!! डीएमईएसजीत सरळ ४ गिगाबिट लिहिलंय. पण स्लॉट तर चांगला लांब आहे हो, कार्ड पूर्ण बसलंय.

कळंब्याचा_भावड्या
भावा, लांबीवर जाऊ नको. खालचा स्लॉट चिपसेटवरनं येतो, बऱ्याच बोर्डांवर लांबीला एक्स१६ आणि आत लेन चार नाहीतर एकच. टॉर्च मारून आत बघ, पुढच्या टोकालाच पिना दिसतील. आणि तो स्लॉट ३.० चा असला तरी उपयोग नाही, कार्डच २.० चं हाय. वरच्या स्लॉटात काय बसवलंयस? डिस्प्ले कार्ड असलं आणि बोर्डवर व्हीजीए असंल तर ते काढ आणि हे तिथं बसव.

पण एक गोष्ट लक्षात ठेव, यात मी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत अडकलोय. स्लॉट बदलला की कार्डाचं नाव बदलतं, एनपी३एस० चं एनपी१एस० होतं, आणि व्हीएमबीआर० ब्रिज (व्हीएमना नेटवर्कला जोडणारा) जुन्याच नावाला बांधलेला राहतो, मग वेब पॅनेल उघडत नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही, वाटतं कार्डच गेलं. मॉनिटर-कीबोर्ड जोडून ठेव आणि इंटरफेसेसच्या फाईलीत नवं नाव टाक. विंडोजवाल्या व्हीएमला नेटवर्क मॉडेल ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) राहिलंय का तेपण बघ, २.१ ला तेच कारण दिसतंय. आधी व्हर्टआयओचा ड्रायव्हर आत टाक, मग मॉडेल बदल.

उद्यमनगरची_नेटवर्कवाली
फाईल लटकते ते स्विचमुळं असणार. दोन्ही टोकं ९००० आणि मधला स्विच १५०० वर, मग छोटी पिंग जाते, एसएसएच लागतं आणि मोठा डेटा अडकतो. पिंगला तुकडे बंद करून ८९७२ चा साईज देऊन बघा. पण १०जी साठी १५०० पुरतो, आधी स्लॉटचं करा. आणि डेबियन १२ मधलं आयपर्फ जुनं आहे, ३.१६ च्या आधी कितीही स्ट्रीम दिले तरी सगळे एकाच थ्रेडवर (सीपीयूच्या एकाच कोअरवर) चालतात, त्यामुळं व्हीएममधे आकडा थोडा कमी आला तर लगेच घाबरू नका.

शिरोलीकर_सिस्टीम
रविवारी भट्टी बंद होती तेव्हा सर्व्हर उघडला. भावड्या म्हणाला तसंच, पुढं थोड्याच पिना आणि बाकी खोबण रिकामी. वरचं डिस्प्ले कार्ड काढलं, फाउंड्रीची काळी धूळ ब्लोअरनं उडवली, एक्स५२० वर बसवलं. नाव बदललंच, पण मॉनिटर जोडलेला होता म्हणून पाच मिनिटांत निभावलं. होस्टवर आता ९.४१ गिगाबिट, डेबियनमधे ९.२. विंडोजला खरंच ई१००० होतं, बदलल्यावर ७.८ येतंय. एमटीयू १५०० च ठेवला, एसआर-आयओव्ही केलं नाही. आज सकाळी सातला आलो तर बॅकअप पहाटे साडेतीनलाच संपलेला. ताई, भावड्या, मनापासून आभार, शिरोलीकडं आलात तर चहा माझ्याकडं.