जुना जपानी अ‍ॅम्प, टेबलावरचे स्पीकर: जोडण्याआधी काय तपासू?

राजारामपुरी_बेस
नमस्कार मंडळी. सत्तरच्या दशकातला जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात) मिळालाय, चॅनलमागे 30 वॅट. मागच्या पट्टीवर 100 व्होल्ट लिहिलंय. सोबत साडेपाच इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) असलेले टू-वे बुकशेल्फ स्पीकर आहेत, 8 ओहमचे, पण फोम सराउंडला (कोनभोवतीच्या मऊ कडेला) बोट लावलं की भुगा पडतो. खोली 10 बाय 11 फूट, टेबल भिंतीला टेकलेलं. ऐकायचं लॅपटॉप आणि यूएसबी डॅकवरून (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी डबी). बजेट 8,000 रुपये. आधी काय करू? स्पीकर नवेच घ्यावेत का?

उद्यमनगरकर
भावा, तो थेट आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावू नकोस, ट्रान्सफॉर्मर जळेल. बाजारात तयार मिळतो तो बहुतेक 110 व्होल्टचा स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर. त्यावर आतले सगळे व्होल्टेज दहा टक्क्यांनी चढतात, आणि मेन्स (घरातली वीज) 240 वर गेली की आणखी. जुन्या फिल्टर कपॅसिटरना ते झेपेलच असं नाही. वाइंडिंगवाल्याकडून 230 ते 100 व्होल्टचा, 300 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा करून घे. ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, त्यात मेन्सपासून आयसोलेशन मिळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या आधी 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घाल. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर लख्ख होऊन मंदावला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर.

नंतर बल्ब काढ, स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून दहा मिनिटं चालव आणि दोन्ही स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोज. 50 च्या आत असेल तर निर्धास्त जोड. 100 च्या वर असेल तर स्पीकर लावूच नकोस, तो डीसी व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापवतो.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर तो बहुधा पॉटवरचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवरचा) गंज आणि धूळ. आपल्या पावसाळ्यात हे होणारच. अ‍ॅम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या आत फवार आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे नको, त्यावर परत धूळ बसते.

तारसप्तक
स्पीकर टाकू नका. कोन आणि कॉइल धड असेल तर फक्त सराउंड बदला. कोनचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजूनच किट मागवा, नुसतं ‘साडेपाच इंची’ सांगून भलतं येतं. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण काढा. आधी कोनला चिकटवा, वाळू द्या, मग फ्रेमला. फ्रेमचा डिंक ओला असतानाच 30 हर्ट्झचा टोन अगदी हळू वाजवा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल मध्यावर नाही, तेवढ्यात सराउंड सरकवा. वाळल्यावर काही करता येत नाही.

आता मांडणी. माझ्या मते पैशापेक्षा इथं जास्त फरक पडतो. दोन्ही ट्वीटर आणि तुमचं डोकं यांचा सव्वा मीटरच्या आतला समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर ठेवायचे तर खाली 10-15 सेंटीमीटरचे ठोकळे हवेत, नाहीतर टेबलावरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळून मधले सूर पोकळ करतो. मागची भिंतही लक्षात घ्या: स्पीकरचा दर्शनी भाग तिच्यापासून 30 सेंटीमीटरवर असेल तर साधारण 285 हर्ट्झला खड्डा पडतो, 60 वर असेल तर 143 च्या आसपास. टेबल भिंतीलाच राहणार असेल तर स्पीकर भिंतीला जवळ करा आणि वाढलेला बेस टोन कंट्रोलनं उतरवा. पोर्ट (स्पीकरच्या खोक्याचं बेससाठीचं भोक) मागे असेल तर त्यात मऊ फोमचा बोळा घाला.

एवढ्या अंतरावर 30 वॅट भरपूर झाले. वायर साध्या तांब्याची, 1 चौरस मिलिमीटरची पुरते.

राजारामपुरी_बेस
सराउंड आणि ट्रान्सफॉर्मरचं पक्कं. पण सिरीज लॅम्पनंतर हेडफोन लावून ऐकलं तर व्हॉल्यूम जरा वाढवताच आवाज एकदम मोठा होतो, आणि नॉब एवढा कमी असताना फक्त डावीकडून वाजतं.

उद्यमनगरकर
डॅकमधून साधारण 2 व्होल्ट येतात, जुन्या ऑक्स इनपुटला (बाहेरचं उपकरण जोडायच्या) 150-200 मिलिव्होल्टच लागतात. पॉटच्या सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या चॅनलचे दोन ट्रॅक जुळत नाहीत. म्हणून डावीकडून जास्त. प्रत्येक चॅनलला सिग्नलच्या मार्गात 10 किलोओहम आणि त्यापुढे अ‍ॅम्पच्या बाजूला ग्राउंडला 1 किलोओहम लाव, 20 डीबी उतरेल आणि नॉब मध्यावर येईल. दोन रुपयांचे रेझिस्टर आहेत, आरसीए प्लगच्या आतही मावतात. फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) इनपुटला मात्र डॅक लावू नकोस, तिथलं आरआयएए (रेकॉर्डसाठीची ठरलेली टोन-सुधारणा) बेस फुगवतो आणि आवाज फाटतो.