शब्दचर्चा : ‘रूट शील्ड’ला मराठीत काय म्हणावे?

वाटाड्या :
महामार्गाचा क्रमांक दाखवणाऱ्या ढालीच्या आकाराच्या खुणेसाठी एका अनुवादात ‘मार्गढाल’ असा शब्द आलाय. तो चालेल का? आणि पाटी, फलक, बोर्ड यांत फरक करायचा की नाही?

खडीमुरूम :
मार्गढाल नको. रस्त्याच्या कामात ‘ढाळ’ म्हणजे उतार, हा रोजचा शब्द आहे (आडवा ढाळ, गटाराचा ढाळ). निविदेत ‘मार्गढाल’ दिसला की कोणीतरी टंकनचूक समजून ‘मार्गढाळ’ करून टाकील. शिवाय आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) संहितेत राष्ट्रीय महामार्गाची ही खूण ४५० × ६०० मिमीच्या आयताकृती पत्र्यावर येते. पिवळी पार्श्वभूमी, काळी अक्षरे आणि काळी कड. म्हणजे ढाल फक्त रेखलेली असते, पत्रा चौकोनीच. ‘मार्गक्रमांक फलक’ म्हणा.

क्रमांकाआधीचे अक्षरही नीट लिहा. राष्ट्रीय महामार्ग तो रा.म., राज्यमार्ग तो रामा. पुढे प्ररामा (प्रमुख राज्यमार्ग), प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग), ग्रामा (ग्रामीण मार्ग). एका कान्याने रस्त्याचा मालक बदलतो आणि खड्ड्याची तक्रार भलत्याच कार्यालयात जाते.

जुना मजकूर असेल तर साल बघा. २०१० मध्ये क्रमांक बदलले. कोकणातला १७ आता ६६ आहे, पुणे–सातारा–कोल्हापूरचा ४ आता ४८. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. म्हणून नागपुरात ४४ आणि किनाऱ्यावर ६६. तीन अंकी क्रमांकात शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे असतात. १६६ हा ६६चा फाटा.

वाटाड्या :
‘द्रुतगती’चे काय?

खडीमुरूम :
तिथे घोळ आहे खरा. मुंबईतला ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ हे नुसते नाव. त्यावर दुचाकी सर्रास चालतात. ‘मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग’ हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता, तिथे दुचाकीला बंदी. अनुवादात रस्त्याचा प्रकार सांगायचा असेल तर सरळ ‘एक्सप्रेसवे’ लिहा. एक्सप्रेसवेचे दिशादर्शक फलक निळे, राष्ट्रीय महामार्गाचे हिरवे.

प्लॉटरवाला :
कारखान्यात सगळ्याला ‘बोर्ड’च म्हणतात. पाटी म्हटली की गावाच्या नावाची, फलक म्हटला की बिलावरचा. रस्त्यावर आडव्या कमानीला लावला तर गॅन्ट्री, एकाच खांबातून पुढे आलेल्या हातावर असेल तर कँटिलिव्हर. यांना मराठी शब्द शोधू नका, फॅब्रिकेटरला कळणार नाहीत.

हिरवा बोर्ड ‘रंगवतात’ असेही लिहू नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी रिफ्लेक्टिव्ह शीट चिकटवतात, वर पारदर्शक हिरवी फिल्म. फिल्ममधली अक्षरे प्लॉटरने (संगणकावरून चालणाऱ्या कापणी यंत्राने) कापून सोलली की खालचा पांढरा दिसतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्दाची बरीचशी फिल्म एका ओढीत निघते. त्रास होतो तो ळ, ठ, क यांच्या पोटात राहणाऱ्या हिरव्या तुकड्यांचा. ओढताना त्यांची कड उचलली गेली तर पुढे पावसाचे पाणी आत शिरते. दुसरी चूक शीटच्या दिशेची. प्रिझमॅटिक शीटचे (बारीक प्रिझमांनी प्रकाश परतवणाऱ्या शीटचे) दोन तुकडे वेगवेगळ्या दिशेने लावले तर दिवसा काही कळत नाही. रात्री हेडलाइट पडला की अर्धा बोर्ड उजळ, अर्धा मंद.

शिरोरेषा :
शब्दांबरोबर अक्षरांचेही बोलू. मजकूर हिंदी साच्यातून आला की ‘लोणावळा’चा ‘लोनावला’ होतो. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ऱ वेगळा टंकावा लागतो, साधा र वापरला तर ह वर रफार चढतो आणि ‘कर्हाड’ उमटते. ल आणि श यांची मराठी वळणे (पाकळीचा ल, देठाचा श) शासनाच्या २००९च्या निर्णयात दिलेली आहेत, पण फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली नाही तर बहुतेकदा हिंदी वळण येते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर नुसता कचरा.

उंचीचा हिशेब रोमन अक्षरांवरून करणे हे माझ्या मते सर्वांत वाईट. वरच्या ओळीत ‘चिपळूण’ आणि खाली ‘रत्नागिरी’ असेल तर ऊकार आणि वेलांटी यांना एकाच फटीत जागा लागते. फलकाची उंची आधीच ठरलेली असली की अक्षरे दाबली जातात, आणि लांबून आधी मात्रा नाहीशा होतात. ओळींमधले अंतर वाढवा, अक्षर चेपू नका.

वाटाड्या :
रस्त्यावर रंगवलेल्या ‘हळू’, ‘शाळा’ यांना फलक म्हणता येणार नाही ना?

शिरोरेषा :
नाही, ते ‘रस्त्यावरील लेखन’. चालकाला ते तिरके, चेपलेले दिसते म्हणून अक्षरे लांबीच्या दिशेने ताणतात. त्याच तिरकसपणामुळे आडव्या रेघा बारीक भासतात. रोमनमध्ये अशा रेघा थोड्या. आपल्याकडे अख्खी शिरोरेषा आडवी. ती उभ्या काना-दांड्यापेक्षा जाड काढायला हवी. नुसता फॉन्ट ताणून स्टेन्सिल कापू नये, ती मुद्दाम आखावी.

प्लॉटरवाला :
आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांचा ‘रंग’ म्हणजे बहुतेकदा थर्मोप्लास्टिक असते. वितळवून साधारण २.५ मिमी जाड थर देतात आणि गरम असतानाच वर काचेचे मणी टाकतात. थर निवल्यावर टाकलेले मणी रुतत नाहीत, पहिल्या आठवड्यातच टायरखाली निघून जातात.