प्रतिसाद: यीस्ट आणि दगडफूल एकाच गटात कसे?

वर विचारलंय की एकपेशीय यीस्ट आणि दगडफुलातली (दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी) बुरशी, म्हणजेच कवक, ॲस्कोमायकोटा या एकाच गटात कशी बसते. खूण बाहेरच्या रूपात नाही, पिशवीत आहे. लैंगिक प्रजननानंतर बीजाणू एका सूक्ष्म पिशवीत तयार होतात, बहुधा ८, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने. यीस्टमध्ये साधारण ४. वाटीच्या आकाराच्या पिकलेल्या कवकावर हलकी फुंकर घालून बघा, क्षणभरात धुरासारखा ढग उठतो. हजारो पिशव्या एकदम फुटलेल्या असतात! मला हे दृश्य अजूनही थक्क करतं.

पेनिसिलियम, म्हणजे जिच्यापासून पेनिसिलिन मिळालं त्या बुरशीच्या प्रजातीतल्या, बहुतेक जातींची अशी पिशवी पूर्वी कुणाला सापडलीच नव्हती, म्हणून त्यांना 'अपूर्ण कवक' या तात्पुरत्या खात्यात टाकलं होतं. डीएनए तपासणीने त्यांना त्यांच्या घरी, ॲस्कोमायकोटात आणून बसवलं.

आणि 'बुरशी म्हणजे नासाडी' असंही वर म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. पिकांच्या पानांवर पांढरी भुकटी आणणारा भुरी रोग याच गटातल्या बुरशांचा, हे खरंच. पण पडलेल्या लाकडातलं सेल्युलोज कुजवणाऱ्याही यातल्याच, आणि दगडफुलं घडवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बुरश्याही. उघड्या खडकावर शैवालाला आसरा देऊन त्या हळूहळू खडक झिजवतात, मातीची सुरुवात तिथून होते.