नायट्रेट द्यायचं तर आधी कडबा तपासा
गायी-म्हशींच्या खाद्यात युरियाऐवजी कॅल्शियम नायट्रेट दिलं की त्यांच्या पोटात बनणारा मिथेन वायू घटतो आणि पोटातल्या जिवाणूंना नत्रही मिळतं, असं सांगितलं जातं; हे तत्त्व बरोबर आहे. कोटीपोटात (चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात) मिथेन बनायला हायड्रोजन लागतो, तो नायट्रेट आधीच वापरून टाकतं. दुभत्या गायींवरच्या प्रयोगात खाद्यातल्या शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरलेल्या भागाच्या) 2 टक्के नायट्रेटने मिथेन 16 टक्क्यांच्या आसपास घटला. पण मराठवाड्यात आधी ज्वारी बघा! पावसाच्या खंडात खुरटलेल्या ताटांत, विशेषतः बुडख्याकडे, नायट्रेट साठतं. किरळ लागण्याचं विष (कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड) वाळवल्यावर बरंच उतरतं, नायट्रेट मात्र कडब्यात तसंच राहतं. त्यात वरून भर पडली तर नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट साचून रक्त चॉकलेटी होतं, जनावर धापा टाकत कोसळतं.

म्हणून कडब्याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय नायट्रेट सुरू करू नका. केलंच तर मात्रा 3-4 आठवड्यांत हळूहळू वाढवा, आंबोणात एकजीव मिसळा, उपाशीपोटी देऊ नका आणि युरिया तेवढाच कमी करा. कोरडवाहू भागात मिथेन घटवायला मी तरी सरकी पेंडीतल्या तेलालाच पसंती देईन, फक्त खाद्यातला एकूण स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या 6 टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर कडबाच नीट पचत नाही.