सेलिंग क्लबात ड्यूटी सक्तीची असावी, की पैसे भरून मोकळं व्हावं?

डोलकाठी (धागा सुरू करणारा)

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवर शिडाच्या होड्यांचा क्लब काढायचा विषय बेळगाव-संकेश्वर-निपाणी पट्ट्यात निघाला की बोलणं होड्यांच्या किमतीवर सुरू होतं आणि तिथंच संपतं. होड्या मिळतात हो. माणसं मिळत नाहीत. माझं मत आधीच सांगतो: सभासद व्हायचं तर वर्षात ठरलेल्या ड्यूट्या करायच्या. पैसे भरून सुटका नाही.

हिशेब असा. ऑक्टोबर ते मेचा मध्य, साधारण ३० रविवार. (पावसाळ्यात वारा धसमुसळा, पाणी गढूळ, दरवाजे कधी उघडतील त्याचा नेम नाही. ते महिने सोडून द्या.) शर्यतीच्या दिवशी ८ माणसं लागतात: शर्यत अधिकारी १, वेळ आणि झेंडे सांभाळायला १, दोन रेस्क्यू बोटींवर दोन-दोन, बिल्ल्यांच्या फळीवर १, चहापाण्याला १. ३० गुणिले ८ म्हणजे २४०. सभासद ६० धरले तर माणशी ४ रविवार. बाकीचे २६ रविवार होडी चालवा की.

बिल्ल्यांची फळी म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: लाकडी फळीवर नंबर टाकलेल्या खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला त्याच नंबरचा पत्र्याचा बिल्ला. पाण्यात जाताना प्रत्येकाने, होडीत दोघे असतील तर दोघांनीही, आपापला बिल्ला काढून लाइफ जॅकेटला अडकवायचा. परत आलं की जागेवर लावायचा. संध्याकाळी १७ नंबरचा खिळा मोकळा दिसला तर दोनच शक्यता. माणूस अजून पाण्यात आहे, नाहीतर बिल्ला खिशात घालून घरी गेलाय. फळीवरच्या माणसाने फोन करून खात्री होईपर्यंत रेस्क्यू बोट वर ओढायची नाही. हे काम पगारी वॉचमनवर सोडलं की महिन्याभरात फळी नुसती शोभेला उरते, कारण कुठला चेहरा कुठल्या होडीचा हे त्याला माहीत नसतं.

टिळकवाडी_पोस्ट

हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तुमच्या आठातली चार माणसं रेस्क्यू बोटीवर आहेत आणि ते काम वर्षातून चारदा करणाऱ्या हौशी माणसाचं नाही. उलटलेल्या होडीपाशी जाताना पहिलं काम डोकी मोजण्याचं. दोघांची होडी असेल आणि एकच डोकं दिसत असेल तर दुसरा शिडाखाली किंवा दोरात अडकलेला असू शकतो. होडी सरळ करणं नंतर. पाण्यातल्या माणसाला बोटीच्या पुढच्या अंगाला घ्यायचं, पंख्याकडे नाही, आणि तो हाताच्या अंतरावर आला की इंजिन न्यूट्रलमध्ये नाही, बंद. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. ‘माझी ड्यूटी आहे म्हणून आलो’ असा माणूस ती कॉर्ड हँडलला गुंडाळून ठेवतो. तो बोटीबाहेर फेकला गेला तर चालकाशिवायची बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

त्यापेक्षा काठावरच्या गावांतले चार जण नीट शिकवून रोजाने घ्या. रोज १००० धरला तर ४ गुणिले ३० म्हणजे १,२०,००० रुपये, माणशी वर्षाला २०००. एवढ्यासाठी रविवारी ओपीडी असणाऱ्या डॉक्टरला आणि शिफ्टवाल्या कामगाराला क्लबाबाहेर ठेवायचं?

डोलकाठी

रेस्क्यूचं अर्धं मान्य. चालवणारा पगारी घ्या, दुसरा माणूस सभासदच हवा. पाण्यात उतरून होडी सरळ करणं, शीड उतरवणं, मुलाला धीर देणं ही कामं ज्याला होडी कळते त्याची. म्हणजे दर रविवारी ६ ड्यूट्या उरल्या, १८० भागिले ६०, माणशी ३. यापेक्षा खाली मी येत नाही.

किल्ला_तलाव

बंगळूरला उलसूर तलावावर लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या होड्या, सिकंदराबादला हुसेनसागरावर ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचा क्लब, हे कसे व्यवस्थित चालतात असं लगेच कुणीतरी म्हणेल. तिथं मागे पलटण उभी असते. इंजिन दुरुस्तीला वर्कशॉप, होडी उचलायला जवान. ती व्यवस्था नागरी क्लबात वर्गणीतून उभी राहत नाही.

आणि ‘यॉट क्लब’ हे नाव तर टाळाच. ते ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा १८४६ सालचा क्लब येतो, कोट-टाय आणि दारात अडवणारा दरवान. आपल्याकडे असणार पत्र्याची शेड आणि सहा ऑप्टिमिस्ट, म्हणजे पोरांच्या एकट्याने चालवायच्या छोट्या होड्या.

हरिगोल

तुम्ही सगळे ‘गावातली पोरं रोजानं घेऊ’ म्हणालायसा. खरं त्या पोरांना विचारलासा काय? ज्या पाण्यात तुम्ही तिकोनी शिडं फिरवणार त्या पाण्यात आमची जाळी हाईत. जाळं संध्याकाळी टाकतात, पहाटे काढतात. वाऱ्यानं उशीर झाला तर नऊ वाजतात. जाळ्याला वर थर्माकोलचे तुकडे, तेवढीच खूण. तुमच्या होडीचं खालचं पातं त्यात अडकलं की होडी जागच्या जागी थांबते आणि जाळं मीटरनं फाटतं. इंजिनच्या पंख्यात गेलं तर दोन्हीचा सत्यानाश.

उपाय सोपा हाय. शर्यत दहाच्या आधी नको. आदल्या दिवशी मच्छीमार सोसायटीला सांगा, कुठल्या बाजूला मार्क, म्हणजे होड्या वळायच्या तरंगत्या खुणा, टाकणार ते. फाटलेल्या जाळ्याची भरपाई किती ते आधी लिहून ठेवा, काठावर भांडण नको. आणि मुख्य म्हणजे आमच्या माणसांना रोजानं नुसतं ठेवू नका, सभासद करा. ड्यूटी हीच त्यांची वर्गणी धरा. जनरल बॉडीत हात वर करायचा हक्क नसेल तर ते तुमचे नोकर, आणि नोकर पाच वाजले की घरी जाणार.

टिळकवाडी_पोस्ट

@हरिगोल, भरपाई आणि दहाची वेळ, दोन्हीला हात वर. मताच्या हक्कालाही माझी ना नाही. कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यात निदान सात जण लागतात, त्या पहिल्या सातातच मासेमारीवाले दोघे घ्या. पण रोज आणि सभासदत्व यांची सरमिसळ नको. ज्याला क्लब पैसे देतो तो त्याच पैशाच्या ठरावावर मत देणार, हे ऑडिटला आणि भावकीला दोन्हीला जड जातं.

हरिगोल

मग त्या ठरावापुरतं बाहेर बसतील की. पतसंस्थेत संचालकाच्या स्वतःच्या कर्जाचा विषय निघाला की तो उठून जातो न्हवं, तसं.

निपाणीची_सुकाणू

आठव्या ड्यूटीवर कुणी बोललंच नाही. चहापाणी. सक्ती आणलीत की हे काम रोस्टरवर बायकांच्या नावापुढेच येणार आणि झेंडे-भोंगा पुरुषांकडे. म्हणून सक्ती हवी तर चिठ्ठी टाकून हवी आणि प्रत्येकाला वर्षात निदान दोन वेगळी कामं. कांदाभजी तळायला शिकलेला शर्यत अधिकारी बघायला आवडेल.

झेंड्यांचं काम काही अवघड नाही. सुटायला ५ मिनिटं असताना वर्गाचा (त्या जातीच्या होड्यांचा) झेंडा वर, ४ मिनिटांना निळ्यात पांढरा चौकोन असलेला ‘पी’ वर, १ मिनिटाला ‘पी’ खाली आणि लांब भोंगा, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. चुकतं ते एवढंच, की लोक भोंग्याकडे लक्ष देतात. वेळ झेंड्यावर धरायची असते. भोंगा वाजलाच नाही तरी सुरुवात ग्राह्य. दोन रविवार शेजारी उभं राहिलं की जमतं.

दुसरं. बांधकामाला पैसे आले की पहिला खर्च शौचालय आणि कपडे बदलायची खोली, कडी आतून लागणारी. बॅकवॉटरच्या काठावर आडोसा नाही. ही एक खोली नसेल तर आईसुद्धा येत नाही, मुलगीसुद्धा नाही, आणि मग ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असं इतिवृत्तात लिहिलं जातं. बार वगैरे पंचवीस वर्षांनी बघू.

हिशेबनीस

सक्ती आणि सूट यांच्या मधला रस्ता पतसंस्थावाल्यांना सांगायला नको. वर्गणीबरोबर १५०० रुपये ड्यूटी-ठेव घ्या. प्रत्येक ड्यूटीला ५०० परत, रोख नव्हे, पुढच्या वर्षीच्या वर्गणीत जमा. तीन केल्या, ठेव पूर्ण फिरली. एकही केली नाही, तर त्या पैशातून पगारी माणूस. दंड म्हटलं की भांडण होतं. ठेव म्हटलं की लोक पासबुक विचारतात.

बदली चालेल, पण बदली माणूस स्वतःच शोधायचा आणि गुरुवारपर्यंत नाव कळवायचं. शनिवारी रात्री ग्रुपवर ‘उद्या जमत नाही’ आणि हात जोडलेलं चित्र टाकलं तर ठेव गेली.

डोलकाठी

@हिशेबनीस, इथंच मी अडतो. गणपतीत बघा: वर्गणीची पावती फाडून मोकळे होणारे शंभर आणि मांडवाचे बांबू धरणारे दहा. ५०० रुपये सोडणं बेळगावातल्या डॉक्टरला किंवा वकिलाला काहीच नाही. मुचंडीच्या शेतकऱ्याला किंवा उद्यमबागेतल्या फौंड्री कामगाराला आहे. म्हणजे ड्यूट्या कोण करणार? ज्याला ५०० रुपये लागतात तोच. मग आपण दोन वर्गांचा क्लब काढला, फक्त पासबुकासकट.

हिशेबनीस

मग ठेवीला दुसरी अट जोडा: वर्षात एकही ड्यूटी न करणाऱ्याला शर्यतीत उतरता येईल, पण वर्षाच्या गुणतक्त्यात नाव नाही. वकिलाला पैशाचं काही वाटत नसेल, ढालीचं वाटतं.

डोलकाठी

हे चाललं मला.

मार्कंडेय_काठ

ड्यूटीच्या नादात पाणी विसरू नका. राकसकोप जलाशय बेळगावच्या पिण्याचा, तिथं कुणी होडीचं नाव काढणार नाही. पण हिडकलचं पाणीही बेळगावला प्यायला येतं. पेट्रोल बोट घालायची परवानगी मागाल तेव्हा पहिला प्रश्न तेलाचा येणार. टू-स्ट्रोक इंजिन नकोच, त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि न जळलेलं पाण्यात जातं. फोर-स्ट्रोक घ्या, पेट्रोल काठापासून दूर, खाली ट्रे ठेवून भरा. यंत्राची बोट म्हटली की अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ खाली नोंदणी, सर्व्हे आणि विमा. शिडाच्या होडीपेक्षा रेस्क्यू बोटीचे कागद जास्त.

किल्ला_तलाव

आणि पाण्याची पातळी. हिडकल पूर्ण भरलं की २१७५ फूट, उन्हाळ्यात ते कुठल्या कुठे उतरतं. उतार १० ला १ असेल तर पाणी ३ मीटर खाली गेल्यावर काठ ३० मीटर लांब जातो. ३० ला १ असेल तर ९० मीटर, सगळा चिखल. सिमेंटचा रॅम्प बांधलात तर जानेवारीत तो शेतात उभा असेल. साखर कारखान्यातला जुना कन्व्हेअर बेल्ट घ्या, ५-५ मीटरचे तुकडे, टोकाला भोकं पाडून दोरीने जोडलेले. पाणी जाईल तसे पुढे सरकवायचे. ऑप्टिमिस्टचं नुसतं अंग ३५ किलो, दोघे उचलून नेतील. लेझर, म्हणजे मोठ्या माणसाची एकट्याची होडी, ५९ किलो, ती ट्रॉलीवरच, आणि ट्रॉलीची चाकं रुंद हवीत. बारीक चाक चिखलात आसापर्यंत रुततं. बेल्ट हलवणं ही नववी ड्यूटी धरा.

पाणी उतरताना हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्ण दिसतं तेव्हा धोका नाही, लोक लांबून जातात. दगड फूटभर पाण्याखाली असतात ते आठवडे वाईट. पातं मीटरभर खाली असतं, वेगात आदळलं तर ते ज्यात बसतं ती होडीतली पेटी तडकते आणि माणूस पुढे फेकला जातो. त्या दिवसांत मार्क पलीकडच्या बाजूला.

निपाणीची_सुकाणू

मार्क म्हणजे २० लिटरचा कॅन, भडक रंगाचा, खाली १५-२० किलोचं भंगार ओतीव वजन. उद्यमबागेत किलोवर मिळेल. दोरी खोलीच्या दीडपट आणि वरून दीड-दोन मीटरवर लहान वजन बांधा, म्हणजे ढिली दोरी पाण्यावर तरंगून पात्यात अडकत नाही.

टिळकवाडी_पोस्ट

भाषेचं राहिलं. सूचना फलक कन्नड, मराठी दोन्हीत हवा यावर वाद नसावा, पण रेस्क्यू बोटीवरून ओरडायचे शब्द कुठले? एक म्हणतो ‘सोड’, दुसरा ‘बिडू’, तिसरा ‘लेट गो’, आणि होडीतलं दहा वर्षांचं पोर तिघांकडे बघत बसतं.

हरिगोल

पाच-सहा शब्द ठरवा, एकाच भाषेतले. कुठली ते चिठ्ठी टाकून ठरवा पाहिजे तर. वाऱ्यात वाक्य ऐकू येत नाही, शब्दही अर्धाच येतो, म्हणून हाताची खूण पण तीच शिकवा. पोरांना पोहायचं आधी तपासा: अंगात कपडे, वर जॅकेट, ५० मीटर, आणि पाण्यात उताणं पडून दोन मिनिटं गप्प. विहिरीत सूर मारणारी पोरं पन्नास मीटर जातात, खरं गप्प पडून राहत न्हाईत. त्यांनाच जास्त शिकवायला लागतं.

आणि त्या फळीवर सतरा नंबरचा खिळा म्हणालासा, तो कन्नड अंकात पण घाला. माझ्या वाटणीच्या तिन्ही ड्यूट्या फळीवर लिवा.